पाटाच्या पलीकडून

माझे पक्षी उलटे टांगले होते. बाजारातून कोनफळांची पिशवी घेऊन घरी निघाले होते, ऊन डोळ्यांत शिरत होतं, रस्ता ओलांडायला म्हणून चर्चच्या नव्या सभागृहापाशी थांबले आणि खिडकीच्या काचपट्ट्यांतून सहज आत नजर गेली. समोर, स्टेजच्या मागच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडाची साल कुटून केलेलं आमचं सालीचं कापड. उभं. माझं सगळं आयुष्य सालीच्या कापडाच्या वासात गेलं, पण कापडाला असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कापड आडवं असतं. ते जमिनीवर अंथरतात. त्यावरून नवरी चालत येते, त्यावर बाळ निजवतात, शेवटी माणूसही त्यावरच निजवतात, आणि बाकीचे दोन्ही कडांना मांडी घालून बसतात. दोन्ही कडांना बसतात म्हणूनच पक्ष्यांची एक ओळ या कडेच्या माणसांकडे पाय करून काढायची आणि दुसरी त्या कडेच्या. ज्याला त्याला आपापला पक्षी सुलटा. जमिनीला वर-खाली नसतंच. भिंतीला असतं. आणि भिंतीवर वरच्या ओळीतले सगळे तावाके, लांब पांढऱ्या शेपटीचे समुद्रपक्षी, माझ्या हातचे, कोंबड्या बाजाराला नेताना पाय धरून लटकवतात तसे डोकं खाली करून लटकत होते.

शिडीवर हालाफिही मास्तर होते, तोंडात खिळे धरलेले. शाळेत गणित शिकवतात, ऑकलंडला काही वर्षं काढून आलेत, आणि तेव्हापासून आमच्या बेटाच्या या राजधानीत, नुकुआलोफात, काहीही करायचं म्हटलं की समितीत ते असतातच.

"मास्तर, हे काय केलंत?"

"या या, कालोलाइनेताई! कसं दिसतंय? स्टेज म्हटलं की मागं पडदा हवा. ऑकलंडला सगळीकडं असतो."

"वरचे पक्षी उलटे झालेत."

त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला वाकडी केली. "हां. पण खालचे सुलटे आहेत ना? सरासरी बरी आहे."

"उतरवा ते."

"आता कसं उतरवू? वरून खालून पट्ट्या ठोकल्यात. ओढायला गेलो तर फाटेल. आणि ताई, राग मानू नका, कापड तुम्ही वेदीपुढं ठेवलंत, पाळकांनी हात ठेवून प्रार्थना केली. आता ते प्रभूचं."

प्रभूला तरी उलटं-सुलटं कळतं, असं माझ्या मनात आलं आणि लगेच मी मनातच क्षमा मागितली. देवाला दिलेलं परत मागायचं नसतं, हे मला मास्तरांनी शिकवायला नको होतं. माझ्या बाबांनी ते शिकवलेलं होतं, आणि गाऊन शिकवलेलं होतं. पिशवीचा बंद बोटांत रुतत होता. मी घरी आले, कोनफळं चुलीपाशी आपटली, त्यातलं एक फुटलं.

ते पक्षी कुठून आले हे कुणाला माहीत आहे? साचा करायला मी बसते तेव्हा मला आधी गाणं लागतं. माडाच्या झावळीचे हीर सोलायचे, ओले करायचे, वाकवायचे आणि काथ्यानं पानांच्या जाड थरावर शिवत जायचे. हिराचा उंचवटा तो रेघ होतो. मग तो साचा लांब लाकडी पाटाला बांधायचा, ज्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसतात, वर साल पसरायची, खळ लावायची, आणि रंगात बुडवलेल्या बोळ्यानं घासायचं. खालून रेघ वर येते. बायका म्हणतात, कालोलाइने रेघ काढते. मी काढत नाही. रेघ गाण्यात आधीच असते; मी फक्त हीर तिच्यावर बसवते. सूर जिथं वर चढतो तिथं हीर ताठ राहतो, जिथं वळतो तिथं वाकतो, आणि चुकीच्या जागी वाकवला तर काडकन मोडतो. आणि ही गाणी लोपेतीची असतात. लोपेती माझा धाकटा भाऊ. आमच्या चर्चचा पुनाके, म्हणजे नाचाचे शब्द, चाल आणि नाचणाऱ्यांचे हात हे तिन्ही ज्याच्या एकट्याच्या डोक्यातून निघतात तो. आता कुणी म्हणेल, भाऊच आहे तर मग काय, दोघं बसत असतील, तो गात असेल, तू शिवत असशील. बसतोय कुठला! आमच्यात बहीण वरची आणि भाऊ खालचा, आणि वयात आल्यावर दोघांनी एका छपराखाली मोकळेपणी बसायचं नसतं. त्याच्यासमोर मी हसून बोलायचं नाही, माझ्यासमोर त्यानं चेष्टा करायची नाही. मी आत आले की तो बाहेर. मिसरूड फुटायच्या आधीच तो मागच्या अंगणातल्या मुलांच्या खोपटात झोपायला गेला, आणि तेव्हापासून माझ्या सख्ख्या भावाशी माझं जे काही बोलणं झालं ते सगळं माणसांच्या तोंडून. आधी आईच्या, आणि लग्नानंतर त्याच्या बायकोच्या, सेइनीच्या.

म्हणजे असं होतं. लोपेतीला ओळ सुचते. सेइनी ती अळकुड्या धुताना गुणगुणते, मुद्दाम माझ्या कुंपणाजवळच्या नळावर. मी साचा शिवते. साचा झाला की सेइनी येते, "वन्सं, जरा बघायला नेऊ का?" म्हणते, नेते, आणि काही दिवसांनी परत आणून ठेवते. कोण बघणार आहे हे ती सांगत नाही, मी विचारत नाही. मग नाच उभा राहतो तेव्हा मला दिसतं: मुलींची मनगटं माझ्या हिराच्या वळणानं वळलेली असतात. ज्या ठिकाणी काथ्याची गाठ बसली होती तिथंच त्या किंचित थबकतात. त्याच्या गाण्यातून माझी रेघ आणि माझ्या रेघेतून त्याचे हात, हे इतकी वर्षं चाललंय. पाळकसाहेब एकदा म्हणाले होते, तुमच्या घरातली कला रक्तातच आहे. रक्तात नाही हो, नळावर आहे, असं म्हणायचं मी ओठांवर आवरलं.

या खेपेचं कडवं तावाकेचं होतं. नव्या सभागृहाच्या उद्‌घाटनाला लाकालाका होणार, म्हणजे रांगा करून उभ्यानं करायचा मोठा नाच, निम्मे पुरुष, निम्म्या बायका. आणि त्यात तिसऱ्या कडव्यात तावाके. दूर समुद्रावर जाणारा आणि कड्यावरच्या घराला न विसरणारा. ऐकणाऱ्याला पक्षीच वाटेल, पण आमच्यात माणसाचं नाव थेट घेणं अडाणीपणाचं. बाबा म्हणायचं असलं की पक्षी म्हणायचं. सेइनीनं नळावर ते पहिल्यांदा गुणगुणलं तेव्हा माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. बाबा आमचे पगारी पाळक नव्हते, रविवारी पाळी येईल तेव्हा प्रवचन करणारे होते. पण त्यांच्या पाळीला दुसऱ्या गावचे लोक यायचे. ते बोलता बोलता गायला लागायचे. मुद्दाम नव्हे, बोलणं पुरेनासं झालं की आवाज आपोआप उचलला जायचा, वाक्याचा शेवट सुरात पडायचा, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हातारी तो सूर धरायची, मग पुरुषांचे खर्जाचे आवाज, मग सगळं चर्च. मग ते हात वर करून थांबवायचे आणि पुन्हा साधं बोलायला लागायचे, जसं काही झालंच नाही. साखरेच्या आजारानं त्यांचा पाय गेला तरी खुर्चीत बसून गायचे. मग तेही गेले. आणि हे सभागृह ज्यांच्या प्रवचनांनी भरलं असतं त्यांचं नाव तिथं कुठल्या पाटीवर नाही, कारण पाटीवर उमरावांची नावं असतात. त्या कडव्यात तेवढे ते होते. एका कडव्यात आणि माझ्या कापडावर. मी ती तावाकेची शेपटी कितीदा उसवून पुन्हा शिवली. सगळ्या बायका पाटाच्या अलीकडे-पलीकडे बसून घासत होत्या, तोंडानं स्तोत्र, हातानं रंग, आणि सालीतून एकेक पक्षी वर येत होता, तेव्हा मला वाटलं, झालं, बाबा आले.

आणि आता ते भिंतीवर उलटे.

बाजारातून आल्या आल्याच मी सेइनीकरवी लोपेतीला निरोप धाडला होता. त्याच संध्याकाळी ती आली, हातात नीरफणस. निरोप द्यायचा असला की ती काहीतरी घेऊन येते, म्हणजे आधी त्याच्यावर बोलता येतं.

"झाडाचाच आहे हो वन्सं, भाजला की लोणी होईल."

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलं की."

"काय सांगितलंस?"

"हेच, की वन्संची तब्येत बरी आहे, कापड शोभून दिसतंय, जमलं तर जरा खाली घ्यायला सांगा म्हणाल्या."

"मी असं म्हटलं होतं? मी म्हटलं होतं, तू पुनाके आहेस ना, मग त्या मास्तराचा कान धर आणि आजच्या आज ते कापड नाचणाऱ्यांच्या पायाखाली अंथर, नाहीतर माझं तोंड बघू नकोस!"

"तोंड तसंही ते कुठं बघतात तुमचं?" सेइनी म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "अहो, पण असं जसंच्या तसं कधी सांगतात का कुणी? मला त्या घरात राहायचंय. मी जर तुमचं त्यांना आणि त्यांचं तुम्हांला खरं खरं सांगत बसले असते ना, तर केव्हाच माहेरी निघून गेले असते."

हे मात्र खरं होतं. सेइनी लग्न होऊन आली तेव्हापासून आम्हा दोघांच्या मधे ती चाळणीसारखी आहे. माझा संताप तिच्यातून पलीकडे जाताना काळजी होतो आणि त्याचा हेका अलीकडे येताना आदर. तिच्या हिशेबानं आम्ही दोघं फार गोड भावंडं आहोत.

"बरं, तो काय म्हणाला?"

"ते म्हणाले, राहू दे. छान दिसतंय."

"सेइनी."

तिनं नीरफणस या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. "राहू दे एवढंच म्हणाले. आधी सभागृहात जाऊन आले. तिथं म्हणे पुष्कळ वेळ बघत उभे होते, एकटेच. आणि आल्यावर म्हणाले, तावाकेचं कडवं काढलं."

"काढलं म्हणजे?"

"काढलं. शब्द काढले. आता चिडू नका, वन्सं. चिडा, पण माझ्यावर नको."

मी चिडले नाही. चिडणं फार लहान पडलं असतं. मला वाटलं, पायाखालचा पाट कुणीतरी ओढून घेतला. म्हणजे त्यानं पाहिलं, उलटे पक्षी पाहिले, लाज वाटली, आणि कापड उतरवण्याची भानगड नको म्हणून त्यानं बाबांनाच उतरवून टाकलं. नेहमीचंच. लहानपणापासून हा असाच: बैल आडवा आला की हा शेत बदलणार. आता त्या भिंतीवर ते पक्षी नुसते पक्षी राहणार. गाण्यात तावाके नाही आणि मागं भिंतभर तावाके, निम्मे शीर्षासनात. लोक विचारतील, हे कशासाठी? आणि मास्तर सांगतील, सरासरीसाठी.

मी पाळकांकडे गेले. ते व्हरांड्यात पंखा घेत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, भला माणूस, आणि म्हणाले, "हे बघा कालोलाइनेबाई, कडवं तुमच्या भावाचं, कापड प्रभूचं, सभागृह मंडळींचं. मग यात तुमचं काय राहिलं?"

"वैताग," मी म्हटलं. "तेवढा माझा."

ते इतके हसले की पंखा हातातून पडला, आणि मग दोघांनी मिळून प्रार्थना केली. प्रार्थनेनंतर मला थोडा वेळ बरं वाटलं. घरी येईपर्यंत टिकलं नाही. कारण घर माझं लोपेतीच्या अंगणाच्या मागच्या गल्लीत, आणि अंगणात तालीम चालू. गाणारे चर्चमागच्या खोलीत वेगळे शिकत होते, इथं नुसते नाचणारे, आणि लोपेतीचा आवाज, एक-दोन, एक-दोन, मनगट, मनगट, मान. पहिलं कडवं मी पावलांवरून ओळखलं. दुसरं ओळखलं. मग तिसऱ्याची जागा आली आणि लोपेती गप्प झाला. नुसती पावलं. इतक्या माणसांची अनवाणी पावलं मातीवर जागच्या जागी, शब्द नाही, ताल मोजणारा आवाज नाही, काही नाही. कपाटातून वस्तू काढून घेतल्यावर फळीवर जसा धुळीचा चौकोन उरतो तशी ती जागा. मी भांडी घासत होते. मी ती जरा जास्तच आवाज करून घासली. लाकालाकात शब्दांशिवाय हात? हात कशाचे मग? आमच्या हाताला शब्द धरायला असतो, शब्द नसला तर हात नुसता माश्या वारणार. हे त्याला मी सांगायचं का? ज्याला बाबांनी शिकवलं त्याला? आणि सांगायचं तर कुणाकरवी, सेइनीकरवी, म्हणजे पोचेपर्यंत त्याचं "वन्संना नाच फार आवडला" होणार!

तेव्हा एका दुपारी मी स्वतःच निघाले. कमरेला चटई गुंडाळली, म्हणजे काम गंभीर आहे हे दिसावं, आणि सरळ त्याच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. झाडाखाली पुरुष कावा, म्हणजे मुळी कुटून केलेलं पेय, घेत बसले होते, कुणीतरी काहीतरी चावट सांगत होता, सगळे मांड्यांवर थापा मारत होते. मी दिसले आणि ते हसणं कापल्यासारखं थांबलं. वाट्या खाली गेल्या. माना खाली गेल्या. आणि लोपेती उठला, माझ्याकडे न बघता, वाकून, घराच्या मागं निघून गेला. तो माझा आदर करत होता. गावात त्याच्यासारखा बहिणीचा आदर करणारा भाऊ नाही, कुणालाही विचारा. मी फाटकाच्या लाकडावर हात ठेवून उभी राहिले. या आदराचीही एक भिंतच आहे, आणि हिच्यावर तर काहीच टांगता येत नाही, ना सुलटं ना उलटं. त्याचे केस मागून पार पांढरे झालेत, हे मला त्या दिवशी दिसलं. सगळे पुरुष मी जायची वाट बघत जमिनीकडे बघत होते. मी आले तशी परत गेले.

त्या रविवारी चर्चमधे माझं मन लागेना. स्तोत्र सुरू होतं, माझ्या तोंडून सूर निघत होते, ते आपोआप निघतात, पण डोक्यात मी बाबांनी आम्ही लहान असताना तावाकेवर केलेलं प्रवचन शोधत होते. चाल आठवत होती, म्हणजे सुरुवात आठवत होती: खालून सावकाश चढत जाणारी, तावाके वर जातो, वर जातो, कशाला वर जातो? पुढं काहीतरी होतं. चाल वर जाऊन थांबत नव्हती, बाबांची कुठलीच चाल वर जाऊन थांबत नसे. पण मला वर गेल्यावर पुढचं काही मिळेना. साचा शिवतानाही तसंच झालं होतं. मी पंख वर उचलले आणि तिथंच गाठ मारली. हे प्रवचन पहिल्यांदा कधी ऐकलं? वाळू आठवली. रविवारची दुपार, सगळे जेवून झोपलेले, आणि आम्ही दोघं समुद्रावर, मी काडीनं वाळूत काहीतरी काढतेय आणि लोपेती समोर उकिडवा. रविवारी काम करू नये, रेघ काढणं हेही कामच, म्हणून मार खाल्ल्याचं आठवतं. मारच आठवतो. बाकीचं वाळूनं घेतलं.

उद्‌घाटनाच्या सकाळी सभागृहात मुंगीला जागा नव्हती. उमराव आले, भाषणं झाली, हालाफिही मास्तरांनी आभार मानताना पडद्याचा उल्लेख केला. मी पुढच्या चटईवर, बायकांच्या बाजूला. वर न बघण्याचं ठरवून बसले होते, आणि वर सोडून कुठंच बघत नव्हते. तेल लावलेल्या अंगांचा आणि ताज्या फुलांच्या माळांचा वास आला, नाचणारे रांगेनं चढले, निम्मे पुरुष, निम्म्या बायका, आणि मागं गाणारे. पहिलं कडवं. चांगलं होतं, मी नाव ठेवायला जागा शोधत होते. दुसऱ्या ओळीतल्या मुलींच्या करंगळ्या वाकड्या होत्या, तेवढी मिळाली. दुसरं कडवं. लोक अधूनमधून "मालिए! मालिए!" ओरडत होते, वाहवा करत होते. मग तिसऱ्याची जागा आली आणि शब्द थांबले. मी हात घट्ट धरले. आता माश्या वारणार.

गाणाऱ्यांमधून एक खर्ज निघाला. तोंड मिटून. खाली, पोटातून, आणि सावकाश वर. बाबांची चाल. शब्द नाहीत, प्रवचनातला फक्त तो सूर, बोलणं पुरेनासं झालं की निघायचा तो. स्टेजवर बायकांचे हात कमरेपासून वर यायला लागले, मनगटं माझ्या हिराच्या वळणानं, आणि त्यांच्या मागं कापडावर खालच्या ओळीतले पक्षी त्यांच्या खांद्यांतून निघाल्यासारखे वर चालले. चढत गेले, चढत गेले, आणि माझी आठवण जिथं संपत होती तिथं सूर आला, त्या गाठीशी, आणि थांबला नाही. वळला. खाली कोसळला. पुरुषांचे हात, जे मघापासून डोक्यावर जोडून स्थिर होते, ते एकदम खाली सुटले, बोटं टोकदार, माना आत घेतलेल्या; आणि त्यांच्या वर, माझ्या कापडाच्या वरच्या ओळीतले ते उलटे टांगलेले, कोंबड्यांसारखे लटकलेले तावाके पाण्यात मासा दिसल्यावर जसे पंख मिटून पडतात तसे पडत होते. ते तसंच करतात. किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाही ते माहीत असतं. तावाके वर जातो तो बघायला, आणि खाली येतो तो पोट भरायला; आणि बाबांचा आवाज, स्पष्ट, वाक्याच्या शेवटी सुरात पडणारा: नुसता वर राहणारा पक्षी उपाशी मरतो रे, आपला प्रभूसुद्धा खाली आला! आणि वाळू परत आली, सगळी. मी काडीनं पक्षी काढलाय. समोरून लोपेती म्हणतो, पडतोय तो. उडतोय, मी म्हणते. पडतोय. उडतोय, गाढवा, नीट बघ. तूच इकडून येऊन बघ, तो म्हणतो. आणि बाबा मागं येऊन उभे, हातात काठी, रविवार आहे म्हणून मारायला आलेले. पण मारायच्या आधी पक्ष्याच्या एका अंगाला थांबले, मग चालत दुसऱ्या अंगाला गेले, मग पुन्हा पहिल्या. मग मारलं. पुढच्या रविवारी ते प्रवचन झालं.

इकडून येऊन बघ, असं तो म्हणाला होता तेव्हा मी उठून त्याच्या बाजूला गेले नव्हते. आणि नंतर तर जायचंच नव्हतं. पाटाच्या आमच्या बाजूला बसून मी आयुष्यभर पक्षी उडवले, आणि बायका सांगतात म्हणून पलीकडच्या ओळीचे पाय तिकडे केले. पण ती ओळ कुणाच्या डोळ्यांनी बघायची हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि याला ते आठवत होतं. हा त्या दिवशी सभागृहात एकटा उभा राहून भिंतीकडे बघत होता तेव्हा लाजत नव्हता. चिडण्यासारखं काय आहे याचा मी शोध घेतला. पुष्कळ होतं. एक शब्द सांगता आला नसता का? त्या नळावर दोन ओळी जास्त गुणगुणायला पाणी का कमी होतं?

माझ्या पलीकडची म्हातारी तोंड मिटून तो सूर धरत होती. मग तिच्या मागची. मग सगळं सभागृह, आणि कुणीतरी हात वर करून थांबवायला हवं होतं, पण थांबवणारे ते नव्हते. मी गात होते का मला माहीत नाही. माझा गळा, फुलांची माळ, सगळं ओलं झालं होतं.

संपल्यावर गर्दी बाहेर सांडली. अंगणात जमिनीखालच्या भट्ट्या उघडल्या होत्या, अळूच्या पानात शिजलेल्या मांसाचा आणि नारळाच्या दुधाचा वास. दाराशी लोपेती उभा होता, घामानं निथळत, लोक त्याचे हात धरत होते. मी आले तसे लोक बाजूला झाले, त्याच्या तोंडावरचं हसू मिटलं, मान खाली गेली. आम्हा दोघांच्या मधे, जिथं ती नेहमी असते तिथं, सेइनी येऊन उभी राहिली. तिच्या हातात काहीच नव्हतं.

हातभर अंतर होतं. मी त्याच्याकडे न बघता, तिच्याकडे बघून, जरा मोठ्यानंच म्हटलं, "त्याला सांग, दुसऱ्या ओळीतल्या पोरींच्या करंगळ्या वाकड्या आहेत."

सेइनीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग ती त्याच्याकडे वळली.

"वन्सं म्हणतात, बाबा आले होते."

तिचं चुकलं असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. लोपेती जमिनीकडे बघत होता. त्याच्या पायाचं बोट मातीत काहीतरी रेघ ओढत होतं आणि पुसत होतं.

"ताईला म्हणावं," तो म्हणाला, "करंगळ्यांचं मी बघतो."

आणि सेइनीनं, लग्न होऊन आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, निरोप जसाच्या तसा दिला.